घोटा राखणारे बूट

१९६१ च्या मे महिन्यात गॉर्डन जॅक्सन नावाचा इंग्लिश स्वार स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात सलग सहा दिवस ३५० सीसीची एजेएस मोटरसायकल हाकत होता. वाटेत ओढ्यातले गोलगोटे होते, दलदल होती, शेवाळलेले खडक आणि चढावर उघडी पडलेली झाडांची मुळं होती. सहाव्या दिवशी हिशेब मांडला गेला, तेव्हा त्याच्या नावावर फक्त एक दंडगुण निघाला. पंचांच्या नजरेखाली पार केलेल्या सगळ्या अवघड टप्प्यांत मिळून त्याचा पाय जमिनीला एकदाच टेकला होता. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा त्याने जिंकली, आणि साठ वर्षांनंतरही या खेळातली माणसं तो एक गुण विसरलेली नाहीत.

मोटरसायकल ट्रायल्स या खेळाचं वेगाशी फारसं नातं नाही. डोंगरात, ओढ्यात, खाणीच्या कडेला काही अंतराचे टप्पे आखलेले असतात. त्यांना सेक्शन म्हणतात. प्रत्येक सेक्शनवर एक पंच उभा असतो आणि तो स्वाराच्या पायांकडे पाहतो. पाय एकदा टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी तीनच. गाडी पडली, मागे गेली किंवा स्वार सेक्शनबाहेर गेला तर पाच. शेवटी ज्याचे दंडगुण सगळ्यांत कमी, तो विजेता. जॅक्सनच्या काळात गुणांची रीत थोडी वेगळी होती, पण पाय न टेकता पार जायचं हे सूत्र तेव्हाही हेच होतं.

म्हणजे हा पायांचा खेळ आहे. हार-जीत पायांवर मोजली जाते, गाडी पायांनी तोलली जाते, आणि तोल गेला की सगळा भार एका पायावर येतो. तरीही या खेळात स्वाराच्या डोक्याची आणि कोरडेपणाची काळजी आधी घेतली गेली. घोट्याची पाळी शेवटी आली, आणि त्याला अर्ध्या शतकाहून जास्त काळ जावा लागला. ट्रायल्सच्या बुटांचा इतिहास हा मुख्यतः या उशिराचा इतिहास आहे.

सुरुवात १९०९ ची. एडिंबरामधल्या मोटरक्लबने स्कॉटलंडच्या डोंगरांतून पाच दिवसांची एक परीक्षा ठेवली. मोटरसायकल तेव्हा नवी होती, तिच्यावर लोकांचा विश्वास बसायचा होता, आणि गाडी दिवसेंदिवस चढ चढून टिकते हे कारखानदारांना दाखवून द्यायचं होतं. १९११ मध्ये ती सहा दिवसांची झाली आणि आजचं नाव तिला मिळालं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, यॉर्कशायरमधल्या शिपली गावी स्कॉट मोटरसायकलचा निर्माता आल्फ्रेड अँगस स्कॉट याने आपल्याच कामगारांना आव्हान दिलं : कारखान्यातून निघा, यॉर्कशायरच्या दऱ्याखोऱ्यांतून बर्न्सॉल गावापर्यंत गाडी घेऊन या. चौदा जण निघाले, नऊ पोचले. ती स्कॉट ट्रायल आजही भरते, आणि तिच्यात पाय टेकण्याच्या दंडाबरोबर वेळही मोजला जातो. घाईने जायचं आणि पायही टेकायचा नाही, अशी दुहेरी परीक्षा. घोट्याच्या दृष्टीने याहून कठीण स्पर्धा शोधावी लागेल.

त्या काळी स्वाराच्या पायांत तेच असायचं जे शेतकऱ्याच्या, खाणकामगाराच्या किंवा शिपायाच्या पायांत असे : जाड चामड्याचे, नाडीचे, तळाला खिळे ठोकलेले बूट. चिखलात चालायला हे खिळे उत्तम. पण लोखंडी फूटरेस्टवर उभं राहून गाडी तोलायची असेल तर लोखंडावर लोखंड घसरतं. शिवाय बुटाचं वरचं चामडं घोट्याच्या जरा वर संपे. दगडाने खरचटणं थांबे, पण घोटा आत वळला तर त्याला रोखणारं त्यात काही नसे.

कपड्यांची गोष्ट वेगळी होती. पाऊस हा ब्रिटनमधल्या प्रत्येक स्वाराचा रोजचा शत्रू, त्यामुळे त्यावर इलाज लवकर निघाला. १९३६ मध्ये डंकन बार्बरने मेण लावलेल्या सुती कापडाचा खास सूट इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल या स्पर्धेसाठी तयार केला. १९४८ मध्ये बेलस्टाफ कंपनीने ट्रायलमास्टर नावाचं जॅकेट काढलं. नावातच ट्रायल आहे, आणि ते स्कॉटलंडच्या त्या सहा दिवसांच्या स्पर्धेसाठीच बनवलं होतं. ही दोन्ही वस्त्रं आज फॅशनच्या दुकानांत मोठ्या किमतीला विकली जातात. अशी ख्याती ट्रायल्सच्या बुटाला मात्र त्या पिढीत मिळाली नाही.

डोक्याचंही आधी झालं. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस, मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून काही दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हा तरुण मेंदू-शल्यचिकित्सक होता. त्या मृत्यूने तो हलला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर निरोप पोचवणारे सैन्यातले मोटरसायकलस्वार अंधारात, दिवे झाकून गाड्या चालवत आणि मरत. केर्न्सने त्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने कामावरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. वैद्यकशास्त्राने एका खेळवजा साधनाची दखल घेऊन माणसं वाचवल्याचं हे ठळक उदाहरण आहे. घोट्याला असा केर्न्स लाभला नाही. घोटा मोडल्याने कुणी मरत नाही, हे त्याचं साधं कारण.

त्याच सैनिकी स्वारांना मात्र एक चांगली गोष्ट मिळाली : गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, पुढे लांब नाडी आणि वरच्या बाजूला पट्टे-बकल असलेले उंच चामडी बूट. युद्ध संपल्यावर सैन्याचं उरलेलं सामान स्वस्तात बाजारात आलं आणि हे बूट ट्रायल्सच्या स्वारांपर्यंत पोचले. उंच होते, मजबूत होते, पण जड होते. पाण्यात भिजले की आणखी जड होत आणि वाळायला दिवस लावत.

मग आले गमबूट. पन्नास-साठच्या दशकांतले ब्रिटिश ट्रायल्सचे फोटो पाहिले तर डोक्यावर कापडी टोपी, अंगावर मेणकापडाचं जॅकेट आणि पायांत रबरी वेलिंग्टन, म्हणजे आपले गमबूट, असा वेश अनेकदा दिसतो. यावर हसू नये. दिवसभर ओढे ओलांडायचे, दलदलीत उतरायचं, आणि संध्याकाळी सुकवायला जागा नाही, अशा माणसासाठी गमबूट हा शहाणपणाचा पर्याय होता. पाय कोरडा राहतो, पातळ रबरामधून ब्रेकचा दाब कळतो, बूट हलका असतो आणि खिशालाही परवडतो. त्याचा दोष वेगळाच आहे. गमबुटात पाऊल सैल असतं, टाच वर-खाली होते, आणि घोट्याभोवती फक्त हवा आणि रबर असतं. पाय वळला की बूट त्याच्याबरोबर वळतो.

घोटा नेमका कसा जातो, हे समजल्याशिवाय बुटांची पुढची गोष्ट कळणार नाही. नडगीचं मोठं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, या दोघांच्या खालच्या टोकांमध्ये टॅलस नावाचं पावलाचं हाड बसलेलं असतं. आपल्याला बाहेरून दिसतात ती दोन उंचवट्याची टोकं म्हणजे या दोन हाडांचे शेवट. बाहेरचं टोक आतल्यापेक्षा खाली उतरतं, त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूला कमी आणि आतल्या बाजूला जास्त सहज वळतं. त्यात आतल्या अंगाचे अस्थिबंध जाड आणि दणकट असतात, बाहेरचे बारीक. पाय आत मुरगळला की सगळ्यांत आधी बाहेरच्या अंगाचा पुढचा अस्थिबंध ताणला किंवा फाटला जातो. रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय मुरगळतो तेव्हाही हेच होतं.

ट्रायल्समध्ये याखेरीज आणखी वाटा आहेत. तोल गेला, स्वाराने पाय टेकला, पण पाऊल दोन गोट्यांच्या फटीत गेलं आणि गाडी पुढे सरकत राहिली, तर पाऊल बाहेरच्या बाजूला फिरतं. अशा वेळी घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध फाटतात. ही दुखापत साध्या मुरगळण्यापेक्षा वाईट, आणि बरी व्हायला जास्त वेळ घेणारी. ओला बूट फूटरेस्टवरून सटकला तर फूटरेस्टचे दाते घोट्याच्या उघड्या हाडावर बसतात. कधी गाडीच पायावर पडते. आणि उंचावरून चाकांवर उतरताना फूटरेस्ट पावलाला वर ढकलतो, तेव्हा टॅलस हाड नडगीवर आदळतं.

या शेवटच्या प्रकाराचा पहिला अभ्यास मोटरसायकलवाल्यांचा नव्हता, वैमानिकांचा होता. पहिल्या महायुद्धात विमानं कोसळत आणि वैमानिकाचे पाय सुकाणूच्या दांडीवर टेकलेले असत. विमान आपटलं की ती दांडी पावलाला जोराने वर ढकले आणि टॅलस मोडे. ब्रिटिश शल्यचिकित्सक हेन्री ग्रॅम अँडरसनने १९१९ मध्ये आपल्या पुस्तकात अशा अठरा वैमानिकांची नोंद केली आणि या दुखापतीला वैमानिकाचं नाव चिकटलं. पावलाखाली पातळ लोखंडी आधार, वरून शरीराचा भार आणि खालून धक्का : मोटरसायकलवर उभ्या राहणाऱ्या माणसाची स्थिती याहून फार वेगळी नाही. टॅलसला रक्तपुरवठा मुळातच कमी असल्याने ते मोडलं तर नीट जुळेल याची खात्री नसते. म्हणून घोट्याला जपायचं ते केवळ दुखू नये म्हणून नाही. काही दुखापती माणसाला पुढे आयुष्यभर लंगडत ठेवतात.

आता गाडीकडे वळू, कारण बूट बदलले ते गाडी बदलल्यामुळे.

बेलफास्टचा सॅमी मिलर हा या खेळातल्या सगळ्यांत यशस्वी ब्रिटिश स्वारांपैकी एक. ५०० सीसीची, जीओव्ही १३२ या नंबराची त्याची एरियल गाडी इतिहासात नोंदली गेली आहे. मूळ गाडी जडजूड होती. मिलरने तिचा प्रत्येक भाग घासून, कापून, बदलून वजन कमी करत नेलं. मग साठच्या दशकाच्या मध्यात तो स्पेनला बार्सिलोनाकडे गेला. फ्रान्सिस्को बुल्तो यांच्या बुल्ताको कंपनीसाठी त्याने शेर्पा टी ही हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली आणि १९६५ मध्ये तिच्यावर बसून स्कॉटलंडची ती स्पर्धा जिंकली. त्या एका विजयाने ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य संपलं. पुढची दहा वर्षं बुल्ताको, मोन्तेसा आणि ओस्सा या स्पॅनिश गाड्यांची होती.

जड गाडी असताना स्वार तिच्यासोबत वाहत जाई. गाडी हलकी झाली आणि स्वार तिला उचलू लागला. १९७५ मध्ये ट्रायल्सची पहिली जागतिक विजेतेपद स्पर्धा झाली आणि इंग्लंडचा मार्टिन लॅम्पकिन पहिला विजेता ठरला. १९७९ मध्ये अमेरिकेचा बर्नी श्रायबर जिंकला तो गाडी जागच्या जागी वळवण्याच्या कसबावर. १९८७ पासून स्पेनच्या जोर्दी तार्रेसने सात जागतिक विजेतेपदं मिळवली. तो सायकल ट्रायल्समधून आलेला, आणि त्याने सायकलवरच्या उड्या मोटरसायकलवर आणल्या : एका चाकावर उभं राहणं, जागेवर टणाटण उसळणं, खडकावरून खडकावर झेप. २००७ पासून सलग जिंकत आलेल्या तोनी बौच्या काळात माणसाच्या डोक्यापेक्षा उंच कातळ चढणं हा सेक्शनचा नेहमीचा भाग झाला. गाडीचं वजन ७० किलोच्या आसपास आलं आणि घोट्यावरचे धक्के वाढत गेले. गमबूट या खेळाला पुरेसे राहिले नाहीत.

योग्य बूट आले ते मोटरसायकलच्या गावातून नाही, डोंगर चढणाऱ्यांच्या गावातून.

इटलीच्या उत्तरेला, व्हेनिसच्या मागे आल्प्सच्या पायथ्याशी त्रेव्हिसो प्रांत आहे. तिथे माँतेबेल्लूना, आसोलो आणि माझेर ही गावं काही किलोमीटरच्या परिसरात वसलेली आहेत. लाकूडतोड्यांना आणि शेतकऱ्यांना जाड बूट शिवून देणारे चांभार इथे पिढ्यान्‌पिढ्या होते. माँतेबेल्लूनामधल्या दोलोमिते कंपनीची स्थापना १८९७ ची. १९५४ मध्ये इटालियन गिर्यारोहक के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचले, तेव्हा त्यांच्या पायांत याच गावचे बूट होते. बुटांच्या तळालाही एक इतिहास होता. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर खराब हवामानात सहा गिर्यारोहक मरण पावले. त्यांचा सहकारी व्हिताले ब्रामानी याने खिळ्यांच्या तळव्याला पर्याय शोधायचं ठरवलं आणि रबराचा, खोल खाचांचा तळवा तयार करून १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेच व्हिब्रम. ओल्या खडकावर धरून राहणारा हा रबरी तळवा पुढे ट्रायल्सच्या बुटांनाही लागला, आणि खिळे कायमचे गेले.

साठच्या दशकात या परिसरात नव्या कार्यशाळा उघडल्या. १९६० मध्ये दीनो सिन्योरी यांनी सिदी सुरू केली, १९६२ मध्ये एर्नेस्तो गाझोला यांनी गायर्ने, १९६३ मध्ये आसोलोमध्ये सांते माझ्झारोलो यांनी आल्पिनेस्टार्स. सुरुवातीला डोंगरचढाईचे आणि बर्फातले बूट, मग मोटोक्रॉसचे. अमेरिकेत ओहायोच्या जॉन पेंटन या स्वाराने आल्पिनेस्टार्सचे बूट हाय-पॉइंट या नावाने विकले आणि हा माल अटलांटिकपार गेला. स्कीच्या बुटांवरची बकलं या चांभारांना ठाऊक होती, प्लास्टिक ओतून कवच करण्याची युक्तीही त्यांना माहीत होती. मोटरसायकलच्या बुटात ही दोन्ही आली, ती या शेजारामुळे. एकाच गल्लीत दोन-तीन धंदे असले की एकाचं कसब दुसऱ्याकडे जातं. त्रेव्हिसोच्या या गावांनी ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं.

मात्र मोटोक्रॉसचा बूट आणि ट्रायल्सचा बूट यांत मोठा फरक आहे, आणि खरेदी करणारे नेमके इथेच चुकतात. मोटोक्रॉसचा स्वार वेगात असतो, उंच उड्या घेतो, पडला तर दूर फेकला जातो. त्याला घट्ट, जवळजवळ न वाकणारं कवच हवं. ट्रायल्सचा स्वार सगळा वेळ उभा असतो. त्याच्या गाडीला बसण्याजोगं सीटच नसतं. गुडघे आणि घोटे सतत वाकत असतात. गिअरचा दांडा मुद्दाम पुढे ठेवलेला असतो, पण मागच्या ब्रेकचा दाब उजव्या पायाच्या चवड्याने अगदी नेमका द्यावा लागतो. शिवाय स्वार प्रत्येक सेक्शन आधी पायी चालून पाहतो, दगड पारखतो, वाट ठरवतो. म्हणजे बूट चालण्याचाही हवा. मोटोक्रॉसचा कडक बूट घालून ट्रायल्स करणारा माणूस ब्रेक जाणवत नाही म्हणून जास्त वेळा पाय टेकतो, आणि पाय टेकणं हाच तर घोट्याचा धोका.

चांगल्या ट्रायल्स बुटाने म्हणूनच दोन परस्परविरोधी गोष्टी सांभाळल्या. पुढे-मागे तो सहज वाकतो, बाजूला वाकत नाही. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांवर कडक गोल पट्ट्या, नडगीवर ढाल, टाचेभोवती ताठ पेला, तळव्यात धातूची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी, म्हणजे फूटरेस्टचा दाब एका बिंदूवर न येता पावलाच्या कमानीवर पसरतो. वरचं चामडं तेल दिलेलं, जाड आणि मऊ. गायर्नेचा बॅलन्स ऑइल्ड हा बूट या घडणीचा चांगला नमुना मानला जातो. असे बूट सुरुवातीला ताठ वाटतात, काही दिवस वापरल्यावर पायाच्या आकारात बसतात, आणि मग त्यांना जपावं लागतं. भिजले तर सावलीत, आत कागद भरून वाळवायचे. शेगडीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले की चामडं तडकतं आणि बाजूचा आधार जातो.

इथे एक समज दूर करणं भाग आहे. बूट उंच असला की घोटा सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. १९९३ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ विद्यार्थ्यांवर एक काळजीपूर्वक अभ्यास झाला. काहींना उंच गळ्याचे बूट दिले, काहींना आखूड. घोटे मुरगळण्यात फारसा फरक आढळला नाही. दुसरीकडे, अमेरिकन सैन्याच्या जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग इथे पॅराशूटने उडी मारणाऱ्या ७४५ शिकाऊ सैनिकांवर प्रयोग झाला. काहींच्या बुटांबाहेर घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकचा आधार बांधला. आधार नसलेल्यांपैकी १.९ टक्क्यांचे घोटे आत मुरगळले, आधार असलेल्यांपैकी ०.३ टक्क्यांचे. १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. मऊ बूट कितीही वर गेला तरी घोटा वळतो. बाजूला कडक काही असेल, तर वाचतो. सैनिकी स्वारांच्या उंच बुटांनी आणि गमबुटांनी इतक्या वर्षांत जे साधलं नाही, त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे.

युरोपात मोटरसायकलच्या संरक्षक बुटांसाठी ईएन १३६३४ नावाचं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची, आणि २०१७ च्या आवृत्तीचा उल्लेख आज बुटांवर जास्त दिसतो. मोटरसायकलस्वाराच्या चित्राखाली चार आकडे असतात : पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला तोंड देण्याचा, तिसरा कापण्याला, चौथा आडव्या दाबाला. प्रत्येक आकडा १ किंवा २. चौथ्या आकड्यासाठी बुटावर आडवा दाब देऊन पाहतात : पहिल्या पातळीला १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार, दुसऱ्या पातळीला दीडपट. गाडी पावलावर पडली तर बूट किती चिरडेल, हे यावरून कळतं. घोट्यावरच्या आघाताची चाचणी मात्र ऐच्छिक आहे. ती झाली असेल तरच लेबलवर आयपीए ही अक्षरं येतात, नडगीची झाली असेल तर आयपीएस. म्हणजे चारही आकडे छापलेला, पूर्ण प्रमाणित बूट घोट्याच्या चाचणीतून गेलेलाच नाही, असं होऊ शकतं. आणि पाय आत किंवा बाहेर वळण्याला बूट किती रोखतो, हे या चार आकड्यांतला एकही सांगत नाही. मोटरसायकलस्वाराच्या पायाची एक नेहमीची दुखापत अशी लेबलबाहेर राहिली आहे. मानक ठरवणाऱ्यांनी ही उणीव भरून काढायला हवी.

या खेळाचा धागा महाराष्ट्रातल्या रस्त्यांपर्यंत आलेला आहे, आणि तो बुलेटच्या रूपाने रोज डोळ्यांसमोर असतो. मागच्या चाकाला झोका देणाऱ्या नव्या सस्पेन्शनची रॉयल एनफिल्ड बुलेट लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती १९४८ मध्ये, इंग्लंडमधल्या कोल्मोर कप ट्रायलमध्ये. १९५२ मध्ये जॉनी ब्रिटनने ३५० बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. त्याचे वडील व्हिक ब्रिटनही नावाजलेले ट्रायल्स स्वार. १९५५ पासून बुलेटची जुळणी मद्रासमध्ये होऊ लागली आणि मूळ इंग्लिश कारखाना बंद पडल्यावरही ती इथे बनत राहिली. २०१९ मध्ये कंपनीने ब्रिटनच्या आठवणीत बुलेट ट्रायल्स या नावाची गाडी भारतात विकायला काढली. खडकांवरच्या त्या स्पर्धेने घडवलेली गाडी पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घरांत दूधवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी चालवली. पायांतले बूट मात्र कुणी सोबत आणले नाहीत.

आता परिस्थिती वेगळी होत आहे. पुण्या-नाशिकच्या भागात डर्ट रेसिंगला प्रेक्षक आहे. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यातच झाली. सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर पावसाळ्यात गाडी घेऊन जाणारी मुलंमुली वाढली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेक जण हेल्मेटवर पैसे खर्च करतात, काही जण गुडघ्याच्या ढालींवरही करतात, आणि पायांत ट्रेकिंगचे बूट किंवा कॅनव्हासचे जोडे असतात. ओल्या कातळावर पाय टेकायची वेळ त्यांच्यावरही येते, आणि तिथे ना पंच असतो ना दंडगुण.

त्यांनी बूट घेताना दुकानात एवढं तरी पाहावं. आधी आतलं लेबल वाचावं : आयपीए आहे का, चौथा आकडा २ आहे का. मग एका हाताने बुटाचा गळा आणि दुसऱ्या हाताने तळवा धरून बाजूला वाकवून पाहावा. कापडासारखा सहज वळला तर तो परत ठेवावा. पुढे-मागे वाकवून पाहावा. तिथे ताठ लागला तर तो मोटोक्रॉसचा बूट आहे, ट्रायल्सचा नाही. पाय घालून पट्टे आवळल्यावर टाच उचलते का पाहावं. उचलत असेल तर एक माप लहान घ्यावं किंवा दुसरा बूट बघावा. गाडीवर जाड मोजे घालणार असतील तर तेच मोजे घालून माप घ्यावं. आणि घोटा आधीच एकदा मुरगळलेला असेल तर बुटाच्या भरवशावर न राहता फिजिओथेरपिस्टकडे जाऊन त्याची ताकद आणि तोल परत मिळवावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, आणि ती कमी करण्याचं काम बुटापेक्षा व्यायाम चांगलं करतो.